उंच गडी कीं बगलेचा गडी?

बास्केटबॉलचा खेळ ज्यांनीं निर्माण केला त्यांनीं टोपली उंच टांगली खरी. परंतु ती उंच मनुष्याची सोय व्हावी म्हणून नव्हे. जेम्स नेस्मिथ हे कॅनडांत जन्मलेले व ईश्वरविज्ञानाचें शिक्षण घेतलेले शिक्षक होते. १८९१ सालच्या डिसेंबर महिन्यांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंतील अठरा तरुणांच्या एका वर्गासाठीं त्यांनीं हा खेळ रचला. गोल जमिनीलगत ठेविला तर जो तो अंगबळानें चेंडू हाणील व धक्काबुक्कीस ऊत येईल, हें ओळखून त्यांनीं पीच फळांच्या टोपल्या दहा फूट उंचीवर ठोकविल्या. जोर निरुपयोगी व्हावा, आणि नेम व हलका हात यांस मोल यावें, हा त्यांचा हेतु. तो बव्हंशीं साधला. परंतु टोपली वर गेल्यामुळें बळाचा मान उतरला तसा उंचीचा मान चढला, आणि तेव्हांपासून एक प्रश्न ह्या खेळाच्या पाठीस लागला आहे: संघांत प्रथम घ्यावयाचा तो उंच गडी, कीं बगलेवरून धांवणारा चपळ गडी?

ह्याच वाय. एम. सी. ए. च्या कार्यकर्त्यांनीं हा खेळ आपल्या देशांत रुजविला. १९२० सालीं हॅरी क्रो बक यांनीं मद्रास येथें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें, तेंहि ह्याच संस्थेच्या आश्रयानें. तेव्हां मिशन शाळेच्या विद्यार्थ्यांनीं ह्या खेळाविषयीं आपुलकी बाळगावी यांत नवल नाहीं. आमचे वरच्या वर्गांतील विद्यार्थी तर अमेरिकेंतील धंदेवाईक संघांच्या वार्षिक निवडीवर मधल्या सुटींत हिरिरीनें वाद घालतात. ह्या वादाकडे केवळ पोरखेळ म्हणून पाहूं नये. त्यांत माणसाची पारख कशी करावी हा थोर प्रश्न दडला आहे. म्हणून त्याविषयीं आमचें मत येथें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम ही निवड म्हणजे काय तें पालकांसाठीं सांगतों. अमेरिकेंतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन ही संघटना १९४६ सालीं दुसऱ्या नांवानें स्थापन झाली, आणि १९४७ पासून तींत दरवर्षीं नव्या गड्यांची निवड होऊं लागली. हिला 'ड्राफ्ट' म्हणतात. जे संघ मागील मोसमांत मागें पडले त्यांस निवडीची पहिली संधि मिळावी, म्हणजे दुर्बळ संघ सबळ होईल, असें तिचें तत्त्व. मात्र पहिली पाळी मिळविण्यासाठीं कोणी मुद्दाम हरूं नये म्हणून १९८५ पासून वरच्या पाळ्यांसाठीं चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत सुरू झाली. एकोणीस-वीस वर्षांचे तरुण एकेक करून निवडले जातात. त्यांत ज्यांस 'बिग मॅन' म्हणतात ते टोपलीखालीं खेळणारे, बहुधा ६ फूट १० इंच किंवा त्याहून उंच असे गडी. आणि 'विंग' म्हणजे बगलेचे गडी. हे बहुधा साडेसहा फुटांच्या आसपासचे, दुरून नेम साधणारे, चेंडू घेऊन धांवणारे, आणि समोरच्या कोणत्याहि प्रकारच्या गड्यास थोडेंबहुत आवरूं शकणारे असतात.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. दोन तरुण गुणांनीं जवळजवळ सारखे असतील तर संघानें बगलेचा गडी घ्यावा. उंच गडी घ्यावयाचा तो त्याचा हात, डोळा व पाऊल हीं तिन्ही पारखून घ्यावा. केवळ फूटपट्टी पाहून घेऊं नये. आणि निवड चुकली तर तिचा दोष निवडणारांनीं आपल्या माथीं घ्यावा. निवडलेल्या पोरावर लोटूं नये. ह्यांतील शेवटचें कलम आम्ही सर्वांत महत्त्वाचें समजतों.

आतां प्रतिपक्षाची बाजू न्यायानें ऐकली पाहिजे. १९५६ सालच्या निवडींत पहिली पाळी रॉचेस्टरच्या संघाची होती. त्यांनीं सायहूगो ग्रीन नांवाचा ६ फूट २ इंच उंचीचा गडी घेतला. दुसऱ्या पाळीचा बिल रसेल हा ६ फूट १० इंच उंचीचा तरुण बोस्टनच्या संघानें आपले दोन चांगले गडी सेंट लुई संघास देऊन मिळविला. आणि पुढील तेरा मोसमांत बोस्टननें अकरा वेळां अजिंक्यपद जिंकलें. १९६९ सालीं मिलवॉकी व फीनिक्स या संघांमध्यें पहिल्या पाळीसाठीं नाणें उडविण्यांत आलें. मिलवॉकीनें तें जिंकलें, करीम अब्दुल-जब्बार (त्या वेळचें नांव ल्यू अल्सिंडर) यास घेतलें, आणि दोनच वर्षांनीं, १९७१ सालीं, अजिंक्यपद मिळविलें. १९९७ सालीं सॅन अँटोनियोनें टिम डंकन यास निवडलें, आणि त्याच्या हयातभराच्या खेळांत त्या संघानें पांच अजिंक्यपदें घेतलीं. इतका पुरावा समोर असतां उंच गडी नकोच असें जो म्हणेल तो हट्टीच ठरेल.

परंतु ह्या पुराव्याकडे जरा बारकाईनें पाहावें. रसेलचें मोल त्याच्या उंचीमुळें होतें काय? त्याच्याएवढे उंच, किंबहुना त्याहून उंच गडी त्या काळींहि होते. इतर गडी प्रतिपक्षाचा चेंडू अडवीत तेव्हां तो प्रेक्षकांत भिरकावून देऊन टाळ्या घेत. रसेल तोच चेंडू हळूच असा टोलवी कीं, तो आपल्याच सोबत्याच्या हातीं पडावा. हें काम उंचीचें नव्हे, बुद्धीचें आहे. डंकनचीहि तीच गोष्ट. त्याच्या खेळांत झगमगाट नव्हता. पण पाऊल कोठें टाकावें व चेंडू केव्हां सोडावा हें त्यास अचूक ठाऊक होतें. म्हणजे हे गडी उंच होते म्हणून थोर झाले नाहींत. ते थोर होते, आणि शिवाय उंचहि होते.

दुसरी गोष्ट अशी कीं, खेळाचे नियम एके ठिकाणीं थांबले नाहींत. टोपलीसमोरच्या पट्ट्यांत हल्ला करणाऱ्या गड्यानें तीन सेकंदांहून अधिक वेळ उभें राहूं नये असा नियम आहे. हा पट्टा पूर्वीं सहा फूट रुंद होता. जॉर्ज मायकन ह्या उंच गड्याचें प्राबल्य फार वाढलें तेव्हां १९५१ सालीं तो बारा फूट करण्यांत आला. पुढें ७ फूट १ इंच उंचीचा विल्ट चेंबरलेन आला. त्यानें १९६२ सालीं एका सामन्यांत एकट्यानें शंभर गुण केले. १९६४ सालीं पट्टा सोळा फूट झाला. उंच गड्यास टोपलीपासून ढकलण्याचे हे दोन प्रयत्न. तिसरा प्रयत्न सर्वांत परिणामकारक ठरला. १९७९ च्या मोसमापासून टोपलीपासून पावणेचोवीस फुटांवर (कोपऱ्यांत बावीस फुटांवर) एक रेषा आंखण्यांत आली, आणि तिच्या बाहेरून केलेल्या गोलास दोनांऐवजीं तीन गुण देण्याचें ठरलें.

येथें गणिताचा उपयोग होतो. टोपलीजवळून शंभर वेळां चेंडू टाकला आणि पन्नास वेळां आंत गेला तर गुण होतात शंभर. रेषेबाहेरून शंभर वेळां टाकला आणि केवळ छत्तीस वेळां आंत गेला तरी गुण होतात एकशें आठ. हा साधा गुणाकार संघांच्या चालकांस पटावयास बराच काळ लागला. पहिल्या वर्षीं एक संघ एका सामन्यांत रेषेबाहेरून सरासरी तीनदांहि चेंडू टाकीत नसे. २०२३-२४ च्या मोसमांत हाच आंकडा सुमारें पस्तीसवर गेला. असें झाल्यावर टोपलीखालीं खांबासारखा उभा राहणारा गडी अर्धा निकामी झाला. त्यास बाहेर येऊन चपळ गड्याच्या पाठीमागें धांवावें लागतें, आणि तेथें त्याची उंची त्याच्या कामास येत नाहीं.

तिसरें कारण हिशेबाचें आहे. मैदानावर एका वेळीं एका संघाचे पांच गडी असतात. त्यांत टोपलीखालचा उंच गडी बहुधा एकच लागतो. बगलेचे गडी दोन, तीन, प्रसंगीं चारहि लागतात. ज्याचा खप एकाचा आहे त्यासाठीं सर्वांत मौल्यवान पाळी खर्च करावी कीं ज्याचा खप तिघांचा आहे त्यासाठीं, हें कोणताहि व्यवहारी गृहस्थ सांगेल. शिवाय कामापुरता उंच गडी उशिरांच्या पाळींतहि सांपडतो. २००३ सालीं डेट्रॉईटनें दुसऱ्या पाळीस सात फुटांचा डार्को मिलिचिच घेतला आणि पांचव्या पाळीस निघालेला बगलेचा ड्वेन वेड सोडला. पुढच्याच वर्षीं डेट्रॉईटनें अजिंक्यपद जिंकलें. पण त्या संघाची टोपली राखणारा बेन वॉलेस हा एकाहि संघानें निवडलेला गडी नव्हता! वेडनें मात्र २००६ सालीं मायामीस अजिंक्यपद मिळवून दिलें.

चौथें कारण शरीराचें. गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, प्राण्याचा आकार वाढला म्हणजे त्याचें वजन घनाच्या प्रमाणांत वाढतें, परंतु हाडाच्या छेदाचें क्षेत्रफळ वर्गाच्याच प्रमाणांत वाढतें. सहा फुटांचा मनुष्य तसाच्या तसा सात फुटांचा झाला असें मानलें तर त्याचें वजन सुमारें एकुणसाठ टक्के वाढेल, पण तें पेलणाऱ्या हाडाचा छेद सुमारें छत्तीस टक्केच वाढेल. उरलेला भार पावलांनीं, नडग्यांनीं व गुडघ्यांनीं सोसावयाचा. पोर्टलंडच्या संघाचा अनुभव ह्या सिद्धांताचें दुःखद उदाहरणच आहे. १९७४ सालीं त्यांनीं बिल वॉल्टन यास घेतलें. त्यानें १९७७ सालीं अजिंक्यपद मिळवून दिलें, आणि लवकरच पाऊल मोडून तो वर्षानुवर्षें बाहेर बसला. २००७ सालीं त्यांनीं सात फुटांचा ग्रेग ओडन पहिला निवडला. त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि पोर्टलंडकडून तो सारे मिळून ब्यायशीं सामने खेळूं शकला. त्याच वर्षीं दुसऱ्या पाळीस निघालेला केविन ड्युरंट हा बगलेचा गडी २०१४ सालीं संघटनेंतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. चीनचा याओ मिंग हा ७ फूट ६ इंच उंचीचा गुणी गडी. २००२ सालीं तो पहिला निवडला गेला, आणि पायांच्या दुखण्यानें २०११ सालीं त्यास खेळ सोडावा लागला.

ह्या दोन निवडींच्या मध्यें पोर्टलंडनें केलेली १९८४ सालची निवड सर्वांत प्रसिद्ध आहे. पहिली पाळी ह्यूस्टनची होती. त्यांनीं नायजेरियाचा हकीम ओलाजुवान घेतला. तो उंच गडी होता, तरी निवड उत्तम होती. त्यानें १९९४ व १९९५ अशीं दोन अजिंक्यपदें मिळवून दिलीं. दुसऱ्या पाळीस पोर्टलंडनें ७ फूट १ इंच उंचीचा सॅम बोवी घेतला. तिसऱ्या पाळीस शिकागोनें ६ फूट ६ इंच उंचीचा मायकेल जॉर्डन घेतला, आणि पुढें सहा अजिंक्यपदें जिंकलीं. पोर्टलंडनें असें कां केलें? त्यांच्याजवळ क्लाइड ड्रेक्स्लर हा बगलेचा चांगला गडी आदल्याच वर्षीं आला होता. तेव्हां उणीव उंच गड्याची आहे, ती भरून काढूं, असा त्यांचा विचार. विचार वरवर शहाणपणाचा दिसतो. परंतु त्यांत माणसाची पारख होण्याऐवजीं रिकाम्या जागेची मोजणी झाली. ज्या तरुणाची नडगी मोडून कॉलेजांतच दोन मोसम वायां गेले होते, त्याच्या नडगीपेक्षां त्याच्या उंचीकडे अधिक पाहिलें गेलें.

हीच चूक इतरांनींहि केली आहे. १९८७ सालीं सिॲटलनें स्कॉटी पिपेन यास निवडलें, आणि त्याच दिवशीं उंच गडी ऑल्डन पॉलिनीस मिळविण्यासाठीं तो शिकागोस देऊन टाकला. २००९ सालीं मेंफिसनें ७ फूट ३ इंच उंचीचा हशीम थाबीत दुसऱ्या पाळीस घेतला; तिसऱ्या पाळीस निघालेला जेम्स हार्डन २०१८ सालीं सर्वोत्तम खेळाडू ठरला.

कोणी म्हणेल, "तुम्ही आपल्या सोयीचीं उदाहरणें वेंचतां. २०१४ सालीं काय झालें तें सांगा." अवश्य सांगतों. त्या वर्षीं पहिल्या पाळीस अँड्र्यू विगिन्स हा बगलेचा गडी गेला. जोएल एंबीड हा उंच गडी पाऊल मोडलेलें म्हणून तिसऱ्या पाळीपर्यंत मागें राहिला, दोन मोसम मुळींच खेळला नाहीं, आणि २०२३ सालीं सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याहून नवल म्हणजे सर्बियाचा निकोला योकिच हा उंच गडी त्याच वर्षीं एकेचाळिसाव्या पाळीस निघाला. त्यानें तीन वेळां सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविला आणि २०२३ सालीं डेन्व्हरला अजिंक्यपद मिळवून दिलें. हें उदाहरण आमच्या मताविरुद्ध आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. योकिच उडी फारशी मारीत नाहीं, वेगानें धांवत नाहीं; तो पाहतो, आणि चेंडू जेथें जावयास हवा तेथें देतो. चाळीस वेळां इतर नांवें पुकारलीं गेलीं, कारण मापाच्या पट्टीस दृष्टि मोजतां येत नाहीं. बगलेचा गडी घ्यावा हा आमचा नियम व्यवहाराचा आहे, धर्माचा नव्हे; धर्म इतकाच कीं, माणूस काय आहे यापेक्षां तो काय करतो तें पाहावें.

शमुवेल संदेष्टा बेथलेहेमांत इशायाच्या घरीं राजा निवडावयास गेला तेव्हां थोरल्या अलीयाबाचें रूप व उंची पाहून तोहि क्षणभर भुललाच होता. शौल राजाची निवड त्यापूर्वींच झाली होती, आणि तोहि सर्व लोकांहून खांदाभर उंच होता. एवढ्या मोठ्या संदेष्ट्याची जेथें ही अवस्था, तेथें संघांच्या चालकांस आम्ही काय बोल लावावा? मात्र शमुवेल थांबला, त्यानें पुढें विचारलें, आणि रानांत मेंढरें राखणाऱ्या धाकट्या पोरास बोलावून आणविलें. थांबून पुढें विचारणें, हीच खरी पारख होय.

आतां दोषाविषयीं. बोवीचें नांव अमेरिकेंत चुकीच्या निवडीचें दुसरें नांव होऊन बसलें आहे. ओडनचीहि पुष्कळ थट्टा झाली. पण ह्या दोघांनीं आपली निवड आपण केली नव्हती. बोवीचे पाय पुन्हा पुन्हा मोडले, तरी तो १९९५ पर्यंत खेळत राहिला; हें लाज वाटण्यासारखें आयुष्य नव्हे. २०१२ सालीं एका चित्रपटांत त्यानें सांगितलें कीं, निवडीपूर्वीं वैद्य नडगीवर ठोकून पाहत तेव्हां आपण दुखत नाहीं असें म्हणत होतों, पण आंतून दुखत होतें. हें वाचून कोणी त्यास लबाड म्हणेल. आम्ही म्हणणार नाहीं. ज्या तरुणाच्या उंचीवर साऱ्या घरादाराच्या आशा टांगल्या आहेत, त्यास वेदना लपविण्याचा मोह कोणीं घातला, हें आधीं विचारावें.

आपल्या देशांतीलहि एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पंजाबांतील एका खेड्यांत जन्मलेला सतनामसिंग भमरा हा ७ फूट २ इंच उंचीचा तरुण २०१५ सालीं डॅलसच्या संघानें बावन्नाव्या पाळीस निवडला. हिंदुस्थानांत जन्मलेल्या गड्याची तेथें झालेली ती पहिलीच निवड. त्या संघटनेच्या मुख्य सामन्यांत खेळण्याचा योग मात्र त्यास आला नाहीं. उंचीनें दार उघडलें. आंत जागा मिळावयास आणखी पुष्कळ लागतें. ह्यांत त्या तरुणास उणेपणा नाहीं. लहानपणापासून रोज चेंडू हाताळणाऱ्या परदेशी मुलांशीं त्याची गांठ होती.

ह्यावरून आम्हां शिक्षकांस व पालकांस एक धडा घेण्यासारखा आहे. शाळेच्या मैदानावर काय घडतें तें पाहा. जो मुलगा वर्गांत सर्वांत उंच, त्यास आम्ही टोपलीखालीं उभा करतों आणि हात वर करावयास सांगतों. चेंडू टप्प्यानें खेळवीत नेणें, सोबत्यास ओळखून देणें, दुरून नेम धरणें, हें सारें ठेंगण्या मुलांच्या वांट्यास जातें. सामना आज जिंकला जातो, परंतु त्या उंच मुलाचें शिक्षण तेथेंच खुंटतें. दोन वर्षांनीं बाकीचीं मुलें उंचीनें त्याच्या बरोबरीस आलीं म्हणजे त्याच्याजवळ दुसरें कांहींच उरत नाहीं. उंची हें देवाचें देणें आहे, पण तें भांडवल आहे, मिळकत नव्हे. आमच्या मतें प्रत्येक उंच मुलास दर आठवड्यास निदान एक दिवस मैदानाच्या ह्या टोंकापासून त्या टोंकापर्यंत चेंडू घेऊन जाऊं द्यावा, आणि ठेंगण्या मुलास टोपलीखालीं झगडावयास लावावें. सुरुवातीस चेंडू निसटेल व कांहीं सामने हातचे जातील, जाऊं द्यावे.

पालकांस विनंति इतकीच कीं, मुलाचें जें माप लोकांच्या डोळ्यांत चटकन् भरतें तेवढ्यावरच त्याची सारी पुढची वाट आंखूं नये. कोणाची उंची दिसते, कोणाचे परीक्षेंतील गुण दिसतात, कोणाचा गोड आवाज दिसतो. त्यामागें त्यास काय आवडतें, काय सोसवतें आणि काय दुखतें, हेंहि विचारावें. आणि दुखतें असें त्यानें सांगितलें तर त्यावर विश्वास ठेवावा.